सदतीस क्रमांकाची जर्सी

ऑस्ट्रेलियात ‘फुटबॉल’ या शब्दाने कोणता खेळ सूचित होतो, हे बोलणारा माणूस कोणत्या राज्यात वाढला यावर अवलंबून असते. सिडनी आणि ब्रिस्बेन या शहरांत हा शब्द पिढ्यानपिढ्या रग्बी लीगसाठी वापरला गेला, तर व्हिक्टोरिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया या राज्यांत त्याचा अर्थ ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ हा त्या देशातच घडलेला खेळ असा होतो. मराठी वाचकाला हा खेळ अपरिचित असला, तरी त्याची मैदाने चांगलीच परिचयाची आहेत. कारण मेलबर्न आणि सिडनीच्या ज्या मैदानांवर उन्हाळ्यात कसोटी सामने होतात, त्याच हिरवळीवर हिवाळाभर फुटबॉल चालतो. या सोयीमागे इतिहास आहे. टॉम विल्स या व्हिक्टोरियाच्या क्रिकेटपटूने जुलै १८५८ मध्ये मेलबर्नच्या एका क्रीडासाप्ताहिकाला पत्र लिहून, हिवाळ्यात क्रिकेटपटूंची शरीरे सुस्तावू नयेत म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा, असे सुचवले, आणि मे १८५९ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी या खेळाचे पहिले लेखी नियम तयार केले. म्हणजे असोसिएशन फुटबॉलचे नियम इंग्लंडमध्ये १८६३ साली ठरले, त्याच्याही आधी.

या खेळात लांबट गोल मैदानावर प्रत्येक बाजूचे १८ खेळाडू उतरतात. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार उभे खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून पायाने मारलेला चेंडू गेला की ‘गोल’ होऊन सहा गुण मिळतात, आणि तो बाजूच्या आखूड खांबाच्या आतून गेला तर ‘बिहाइंड’ म्हणून एकच गुण मिळतो. चेंडू लंबगोल असून तो हातात घेऊन पळता येते, मात्र दर १५ मीटरला तो जमिनीवर टेकवावा किंवा आपटावा लागतो. तो फेकून देता येत नाही. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारावा लागतो, त्याला ‘हँडबॉल’ म्हणतात. किमान १५ मीटर अंतरावरून लाथेने आलेला चेंडू खेळाडूने हवेतच स्वच्छ झेलला, तर तो ‘मार्क’ ठरतो आणि झेलणाऱ्याला बिनअडथळा चेंडू मारण्याचा हक्क मिळतो. खेळ सुरू करताना पंच चेंडू उंच उडवतो, आणि दोन्ही संघांचा एकेक उंच खेळाडू, ज्याला ‘रक’ म्हणतात, उडी मारून तो आपल्या सहकाऱ्याकडे ढकलतो. ऑफसाइडचा नियम नसल्यामुळे खेळाडू मैदानभर पसरतात, सामन्याच्या चार पावांत शेकडो धावा आणि धडका होतात, आणि म्हणून या खेळात उंची, वेग व दम हे तिन्ही गुण एकाच शरीरात सापडणे ही फार दुर्मीळ गोष्ट मानली जाते. रक उंच असतो पण बहुधा मंद असतो, मध्यफळीतला खेळाडू चपळ असतो पण बुटका असतो. ही वाटणी मोडणारा खेळाडू कुठे मिळेल, याचा शोध क्लबांचे निवडणारे लोक वर्षभर घेत असतात, आणि त्या शोधात त्यांना शहराइतकेच खेड्यापाड्यांतही फिरावे लागते.

व्हिक्टोरियाच्या पश्चिमेला, मेलबर्नपासून सुमारे ३०० किलोमीटरवर विमेरा नावाचा सपाट, कोरडा, गव्हाचा मुलूख आहे. त्याच नावाची नदी समुद्रापर्यंत न पोचता आतल्याच सरोवरांत विरून जाते. हॉर्शम हे या मुलखाचे बाजारगाव असून त्याची लोकसंख्या १५ हजारांच्या आसपास आहे. अशा गावांत शनिवारी दुपारी गावाचा सामना असतो. पुरुष फुटबॉल खेळतात, शेजारच्या आखलेल्या जागेत स्त्रिया नेटबॉल खेळतात, त्यामुळे गावाचा क्लब हा दोन्ही खेळांचा मिळून एकच असतो, आणि त्याच्या स्वयंपाकघरात, कट्ट्यावर व मैदानाभोवती लावलेल्या मोटारींत सगळी पंचक्रोशी भेटते. यांत्रिक शेतीमुळे माणसे कमी झाली तशी शेजारशेजारच्या गावांचे क्लब एकत्र करावे लागले, जोडनावे धारण करावी लागली, आणि जिथे शाळा बंद पडली व बँक गेली तिथेही फुटबॉल क्लब मात्र टिकून राहिला, हे चित्र ग्रामीण व्हिक्टोरियात ठिकठिकाणी दिसते.

गावातला गुणी मुलगा शहराच्या मोठ्या क्लबात कसा पोचतो, याची व्यवस्था काळानुसार बदलत गेली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मेलबर्नच्या बारा क्लबांना ग्रामीण व्हिक्टोरियाचे एकेक क्षेत्र वाटून देण्यात आले. विमेरा हे एसेंडन क्लबाच्या वाट्याला आले, आणि त्यातूनच हॉर्शमजवळच्या डिंबूला गावचा टिम वॉटसन १९७७ साली वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी एसेंडनकडून वरिष्ठ सामना खेळला. क्षेत्रपद्धतीत एक आपलेपण होते. गावाला ठाऊक असे की आपली मुले कोणत्या रंगाची जर्सी घालणार. परंतु ज्याच्या वाट्याला सुपीक क्षेत्र आले तो क्लब सबळ आणि ज्याला नापीक क्षेत्र मिळाले तो दुर्बळ, असे होऊ लागले, आणि स्पर्धा देशभर पसरवायची तर हा असमतोल परवडणारा नव्हता. १८९७ मध्ये सुरू झालेल्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमधील साउथ मेलबर्न हा क्लब १९८२ साली सिडनीला हलवण्यात आला, १९९० मध्ये स्पर्धेचे नावच ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग असे झाले, आणि त्याआधी १९८६ पासून ‘ड्राफ्ट’ ही वार्षिक खेळाडूनिवड सुरू झाली होती. ड्राफ्टचे तत्त्व असे की मागच्या हंगामात तळाला राहिलेला क्लब सर्वांत आधी खेळाडू निवडतो आणि विजेता सर्वांत शेवटी. क्लबांच्या दृष्टीने ही पद्धत निःसंशय अधिक न्याय्य आहे, पण खेळाडूच्या दृष्टीने ती कठोर आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने आपले नाव नोंदवायचे आणि नोव्हेंबरातल्या एका दिवशी आपण कोणत्या शहरात राहायला जाणार हे दुसऱ्याकडून ऐकायचे. नकार द्यायचा तर खेळालाच नकार द्यावा लागतो.

१९९७ च्या अशाच एका निवडीत ४३ व्या क्रमांकावर सिडनी स्वान्स क्लबाने हॉर्शमच्या ॲडम गुड्स यांची निवड केली. जानेवारी १९८० मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील वॉलरू या बंदरगावी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे पूर्वज ब्रिटिश बेटांवरून आलेले, तर आई ॲड्न्यामथान्हा आणि नरंगा या आदिवासी समाजांतील होती. आईबाप वेगळे झाल्यावर आईने तीन मुलांना घेऊन वॉलरू, ॲडलेड, मग व्हिक्टोरियातील मरबीन आणि शेवटी हॉर्शम असा प्रवास केला. मरबीनच्या प्राथमिक शाळेत गुड्स यांच्या हाती हा लंबगोल चेंडू आला आणि हॉर्शमला माध्यमिक शाळेत असताना त्यांचा खेळ नजरेत भरला. त्यांची आई स्वतः ‘चोरलेल्या पिढ्यां’पैकी होती. विसाव्या शतकात, १९७० पर्यंत, ऑस्ट्रेलियातील राज्यसरकारांनी हजारो आदिवासी मुलांना आईबापांपासून काढून संस्थांत किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवले, त्या मुलांना हे नाव आहे. ज्या बाईला बालपणी आपल्या घरातून उचलून नेले गेले, तिने आपली मुले मात्र मुक्काम बदलत बदलत स्वतःजवळ राखली, ही गोष्ट गुड्स यांची कारकीर्द समजून घेताना नजरेआड करता येत नाही.

गावाचा क्लब आणि राष्ट्रीय स्पर्धा यांच्यामध्ये १९९२ पासून व्हिक्टोरियात अठरा वर्षांखालील मुलांची एक प्रादेशिक स्पर्धा उभी राहिली होती. पश्चिमेकडच्या मुलांचा संघ नॉर्थ बॅलॅरट रेबेल्स हा होता, आणि हॉर्शमपासून बॅलॅरट जवळजवळ २०० किलोमीटर आहे. म्हणजे ग्रामीण भागातील खेळाडूच्या कारकिर्दीचा पहिला टप्पा बराचसा मोटारीतच जातो, आणि तो आईबापांच्या, शेजाऱ्यांच्या पेट्रोलवर चालतो. रेबेल्सनी १९९७ मध्ये ही स्पर्धा जिंकली व गुड्स त्या संघात होते. तरीही ४२ मुले त्यांच्या आधी निवडली गेली. सिडनीतले पहिले वर्ष, १९९८, राखीव संघात गेले. हॉर्शमपासून जवळपास हजार किलोमीटर दूर असलेल्या, आपला खेळ दुय्यम मानणाऱ्या महानगरात अठरा वर्षांच्या मुलाने एकट्याने राहायचे, आणि आपण पुरेसे चांगले आहोत का या प्रश्नाशी रोज झुंजायचे, हा अनुभव गावाकडून आलेल्या बहुतेक खेळाडूंना येतो आणि अनेक कारकिर्दी तिथेच संपतात. १९९९ मध्ये गुड्स वरिष्ठ संघात आले आणि त्याच वर्षी त्यांना सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा ‘रायझिंग स्टार’ पुरस्कार मिळाला. त्यांच्या पाठीवर ३७ हा आकडा होता. मोठे आकडे बहुधा नवख्यांना दिले जातात आणि यश मिळाले की खेळाडू लहान आकडा मागून घेतात. गुड्स यांनी तो अखेरपर्यंत बदलला नाही.

त्यांचे वेगळेपण शरीराच्या दुर्मीळ रचनेत होते. १९० सेंटिमीटरहून अधिक उंची असूनही ते मध्यफळीतल्या खेळाडूसारखे पळत, त्यामुळे प्रशिक्षक पॉल रूस यांना त्यांना रक, मध्यफळी आणि आघाडी अशा तिन्ही ठिकाणी वापरता आले. २००३ मध्ये प्रामुख्याने रक म्हणून खेळताना त्यांना ‘ब्राउनलो पदक’ मिळाले. हे पदक इतर पुरस्कारांपेक्षा वेगळे आहे, कारण त्याचे गुण सामन्याचे पंच देतात: प्रत्येक सामन्यानंतर ते तीन उत्तम खेळाडूंना तीन, दोन आणि एक असे गुण गुप्तपणे नोंदवतात, हंगामाच्या शेवटी ते जाहीर रीतीने मोजले जातात, आणि गैरवर्तनासाठी निलंबित झालेला खेळाडू कितीही गुण मिळवूनही अपात्र ठरतो. त्या वर्षी गुड्स, नेथन बकली आणि मार्क रिचुटो या तिघांचे प्रत्येकी २२ गुण झाल्याने पदक तिघांत विभागले गेले. तीनच महिन्यांनी, जानेवारी २००४ मध्ये, गुड्स यांच्या घरच्या सिडनी मैदानावर सचिन तेंडुलकर यांनी नाबाद २४१ धावा काढल्या. मराठी वाचकाने ते मैदान डोळ्यांपुढे आणायचे असेल तर तीच खेळी आठवावी आणि तिच्याभोवतीची हिरवळ हिवाळी पावसात भिजलेली कल्पावी. २००६ मध्ये, आता मध्यफळीत खेळून, गुड्स यांनी हे पदक दुसऱ्यांदा, आणि या वेळी एकट्याने, जिंकले.

सांघिक यशही मागोमाग आले. २००५ च्या अंतिम सामन्यात सिडनीने पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वेस्ट कोस्ट ईगल्सचा ५८ विरुद्ध ५४ असा चार गुणांनी पराभव केला आणि १९३३ मध्ये साउथ मेलबर्न या नावाने मिळवलेल्या विजेतेपदानंतरचा ७२ वर्षांचा उपवास सुटला. पुढच्याच वर्षी त्याच प्रतिस्पर्ध्याकडून तो संघ केवळ एका गुणाने हरला. २०१२ मध्ये हॉथॉर्नविरुद्धच्या अंतिम सामन्यात गुड्स यांच्या गुडघ्याचा मागचा अस्थिबंध फाटला, तरी ते मैदानावर राहिले, शेवटच्या पावात त्यांनी गोल केला, आणि सिडनीने दहा गुणांनी विजेतेपद मिळवले. एकंदर ३७२ सामने, ४६४ गोल, दोन विजेतेपदे, दोन ब्राउनलो पदके आणि चार वेळा देशाच्या सर्वोत्तम संघात निवड, असा हा हिशेब आहे. निवृत्तीच्या वेळी इतके सामने कोणत्याही आदिवासी खेळाडूने खेळले नव्हते.

मात्र या कारकिर्दीचा दुसरा अर्धा भाग या आकड्यांत बसत नाही. सिडनीला आल्यावर गुड्स यांनी सहकारी मायकेल ओलॉफलिन यांच्याबरोबर आदिवासी अभ्यासाचा पदविका-अभ्यासक्रम केला, २००९ मध्ये दोघांनी मिळून आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी ‘गो फाउंडेशन’ ही संस्था काढली, आणि खेळाच्या दीडशेव्या वर्षानिमित्त २००८ मध्ये निघालेल्या अधिकृत ग्रंथात गुड्स यांनी या खेळाच्या उगमावर लेख लिहिला. पश्चिम व्हिक्टोरियातील आदिवासी लोक पॉसम या प्राण्याच्या कातडीचा चेंडू करून ‘मार्नग्रूक’ नावाचा खेळ खेळत. त्यात चेंडू उंच लाथाडून हवेत झेपावून झेलला जाई, आणि टॉम विल्सचे बालपण याच भागात, त्यांच्या मुलांबरोबर खेळण्यात गेले होते. म्हणून आजच्या खेळाचे मूळ मार्नग्रूकमध्ये आहे, असे गुड्स यांचे प्रतिपादन होते. त्याच ग्रंथात दुसऱ्या लेखिकेने ही एक मोहक दंतकथा असल्याचे म्हटले, कारण विल्सच्या लेखनात तसा उल्लेख सापडत नाही. लेखी पुराव्याच्या कसोटीवर हा आक्षेप बळकट आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या समाजाचा इतिहास लिहिणारे हात दुसऱ्यांचे होते, त्याच्याकडून लेखी पुरावा मागण्यात एक अडचण आहे, हेही मान्य केले पाहिजे. विल्सनेच १८६६ मध्ये विमेराच्या पश्चिम भागातील आदिवासी क्रिकेट-संघाला प्रशिक्षण दिले होते, आणि त्या संघातील बरेच खेळाडू १८६८ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. परदेश दौरा करणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन क्रिकेट-संघ होय, म्हणजे मुंबईच्या पारशी क्रिकेटपटूंच्या इंग्लंड दौऱ्याआधी अठरा वर्षे.

मैदानावर वर्णावरून होणारी शिवीगाळ हा या खेळात दीर्घकाळ रीतसर डावपेच समजला जाई. १९९३ मध्ये सेंट किल्डाचे निकी विनमार यांनी प्रतिस्पर्धी प्रेक्षकांपुढे जर्सी वर उचलून आपल्या काळ्या त्वचेकडे बोट दाखवले, १९९५ मध्ये एसेंडनचे मायकेल लाँग यांनी अशा शिवीबद्दल रीतसर तक्रार केली, आणि त्याच वर्षी लीगने वांशिक अवमानाविरुद्ध नियम केला. तो नियम खेळाडूंना आवरू शकला, प्रेक्षकांना नाही. २४ मे २०१३ रोजी मेलबर्नच्या मैदानावर, आदिवासी खेळाडूंच्या सन्मानार्थ राखलेल्या फेरीतच, कुंपणापलीकडून कोणीतरी गुड्स यांना वानर म्हटले. त्यांनी बोट दाखवून सुरक्षारक्षकांना सांगितले, तेव्हा ते शब्द तेरा वर्षांच्या मुलीचे निघाले. दुसऱ्या दिवशी गुड्स यांनी स्पष्ट केले की दोष त्या मुलीचा नाही, ती ज्या वातावरणात वाढली त्याचा आहे, आणि तिला आधार मिळाला पाहिजे. जानेवारी २०१४ मध्ये त्यांना त्या वर्षाचा ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा राष्ट्रीय सन्मान मिळाला.

त्यानंतर मैदानामैदानांवर त्यांच्या हाती चेंडू आला की हुर्यो उडू लागली. २९ मे २०१५ रोजी सिडनीत कार्लटनविरुद्ध गोल केल्यावर त्यांनी आदिवासी कुमार-संघाकडून शिकलेला युद्धनृत्याचा आविर्भाव केला, आणि हुर्यो आणखी वाढली. त्या काळी अनेक भाष्यकारांनी असे सांगितले की प्रेक्षकांचा राग त्यांच्या खेळण्याच्या ढंगावर, पंचांकडून ‘फ्री किक’ मिळवण्याच्या सवयीवर आहे. हे स्पष्टीकरण टिकत नाही. फ्री किकसाठी पडणारे खेळाडू प्रत्येक संघात असतात आणि त्यांना कोणी दोन हंगाम प्रत्येक शहरात पाठलाग करून हुर्यो देत नाही. पंधरा वर्षे मुकाट्याने गोल करत होता तोवर जो सर्वांचा लाडका होता, तोच देशाच्या इतिहासाबद्दल बोलू लागल्यावर नकोसा झाला, एवढाच या घटनाक्रमाचा सरळ अर्थ आहे. मराठी वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर अँड्र्यू सायमंड्स यांच्याकडे पाहून माकडाचे हावभाव करणाऱ्या प्रेक्षकांना पोलिसांनी बाहेर काढले होते, आणि तेव्हाही ती केवळ थट्टा असल्याचे म्हणणारे लोक होते.

जुलै २०१५ च्या अखेरीस पर्थच्या सामन्यानंतर गुड्स यांनी रजा घेतली. पुढच्या शनिवारी ॲडलेडविरुद्धच्या सामन्यात तिसऱ्या पावाचे सातवे मिनिट लागताच सिडनीचे मैदान उभे राहून टाळ्या वाजवू लागले. तिसरे पाव आणि सातवे मिनिट मिळून ३७ हा त्यांचा आकडा होतो. ते आठवड्याभराने परतले, पण सप्टेंबरमध्ये सिडनी बाद फेरीत हरल्यावर त्यांनी निवृत्ती जाहीर केली, आणि निवृत्त होणाऱ्या खेळाडूंना अंतिम सामन्याच्या दिवशी मोटारीतून मैदानाभोवती मिरवण्याची जी प्रथा आहे, तिच्यात ते सहभागी झाले नाहीत.

२०१९ मध्ये केवळ त्या काळातील दूरचित्रवाणीची दृश्ये आणि वृत्तपत्रांतील मजकूर जोडून केलेला ‘द फायनल क्वार्टर’ हा माहितीपट प्रदर्शित झाला. त्यात निवेदक नाही आणि नव्या मुलाखतीही नाहीत. त्याच सुमारास लीग आणि तिच्या अठराही क्लबांनी संयुक्त निवेदन काढून, खेळाने आपल्या खेळाडूच्या पाठीशी उभे राहण्यात कसूर केली, अशी कबुली देत माफी मागितली. पुढे लीगच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, म्हणजे सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गुड्स यांचे नाव एकमताने सुचवण्यात आले. तो मान त्यांनी नाकारला, आणि जून २०२१ मध्ये लीगच्या अध्यक्षांनी तसे जाहीर करताना, कधी तरी ते खेळाशी पुन्हा जोडले जावेत, अशी आशा व्यक्त केली. नॉर्थ बॅलॅरटच्या कुमार-संघाचे नाव आता ग्रेटर वेस्टर्न व्हिक्टोरिया रेबेल्स असे झाले आहे, आणि हॉर्शमची मुले अजूनही त्याच संघाकडून खेळून ड्राफ्टमध्ये उतरतात.